पपईची पूड आणि माझा श्वास

तन्वी आणि अद्वैत,

गेल्या रविवारी व्हिडिओ कॉलवर तुम्ही दोघांनी मला चांगलंच धरलंत. "आजी, तू हॉस्पिटलमध्ये होतीस तेव्हा आजोबा म्हणाले, ती नाशिकला लग्नाला गेली आहे. असं का?" लग्नाची थाप आजोबांची. त्या वेळी माझ्या तोंडावर वाफेचा मास्क होता, म्हणून मला ती खोडून काढता आली नाही. आता मी बरी आहे. इतकी बरी, की हे लिहिताना मध्येच उठून घरभर फेऱ्या मारते आहे, कारण सांगायचं खूप आहे आणि हात मागे पडतो.

तन्वी म्हणाली, "सगळं क्रमाने सांग." क्रमाने सांगणं हा माझा आवडता उद्योग आहे. डॉक्टरी माहिती मात्र गाळते, ती तुम्हाला माझ्याआधी सापडेल. आणि तुमच्या ओळखीत कुणाला कामाच्या दिवशी संध्याकाळी उगाच खोकला येत असेल, तर त्यालाही हे वाचून दाखवा.

फळच तर आहे

मी काय काम करते ते तुमच्या बाबांनाही धड माहीत नाही, म्हणून आधी ते. इथे बडोद्यात, मकरपुऱ्याच्या औद्योगिक वसाहतीत, आमचा लहानसा कारखाना आहे. कच्च्या पपईला चिरे पाडले की पांढरा चीक गळतो. तो वाळवून, दळून त्याची बारीक पूड करायची आणि पचनाच्या औषधांसाठी विकायची, हा आमचा धंदा. प्रत्येक पोत्यातून नमुना काढणं, तो तपासणं आणि बरणीवर चिठ्ठी लावणं हे माझं काम. निवृत्त झाल्यावर त्यांनी मला परत बोलावलं, कारण माझ्यामागे बरण्या नुसत्या इकडच्या तिकडे झाल्या होत्या. त्या खोलीत मी घरातल्यापेक्षा सुखी असते. आजोबांना हे ठाऊक आहे आणि त्यांनी ते मनाला लावून घेतलेलं नाही.

त्याच खोलीत हंसाबेन पोत्यांतली पूड डब्यांत वजन करून भरायची. हंसाबेन माझ्यापेक्षा बरीच लहान, बोलण्यात माझ्या पुढे. खोलीत शिरल्याबरोबर ती झाडू काढायची, कोपऱ्यान् कोपरा झाडायची आणि मग भिंतीवरच्या छोट्या देव्हाऱ्यात दिवा लावायची. झाडल्याशिवाय दिवा नाही, हा तिचा नियम. मला तिचं हे फार आवडायचं. नीटनेटक्या बाईला नीटनेटकी बाई भेटली होती.

आमच्याकडे अ‍ॅसिडच्या खोलीवर कवटीचं चित्र आहे, आत जाताना हातमोजे, चष्मा, सगळं घालायचं. पपईच्या पुडीला मात्र कुणी भीत नव्हतं. बडोद्यात गाठियाबरोबर कच्च्या पपईचा किसून परतलेला संभारो रोज खाल्ला जातो, त्या पपईची कसली भीती? जेवण जड झालं की आम्ही त्याच पुडीची चिमूट पाण्यात टाकून घ्यायचो. हंसाबेनने तर त्यासाठी खणात एक छोटी डबी ठेवली होती.

नवरात्रापासून मला संध्याकाळी खोकला येऊ लागला. मी म्हटलं, गरब्याच्या मैदानाची धूळ. आजोबा म्हणाले, पंख्याखाली झोपतेस म्हणून. केमिस्टने एक बाटली दिली, ती संपल्यावर दुसऱ्या रंगाची दिली. कामावर ठीक असायचं, घरी येऊन चहा घेतला की छाती आवळायची. त्यामुळे आम्ही घरालाच दोष देत राहिलो. आजोबांनी पडदे धुतले, तुमच्या बाबांची जुनी गादी गच्चीवर टाकली, शेजाऱ्यांच्या मांजरालाही बोल लावले.

ती दुपार

दिवाळीत मी नाशिकला माझ्या बहिणीकडे गेले. तिथून परत आल्यावर कामाचा पहिलाच दिवस होता. पोती बरीच साठली होती आणि खोलीत पूड नेहमीपेक्षा जास्त उडत होती. जेवणानंतर मी हंसाबेनला काहीतरी सांगायला तोंड उघडलं आणि वाक्य अर्ध्यात थांबलं. हवा आत येत होती, पण बाहेर जाईना. मला वाटायचं, श्वास लागणं म्हणजे हवा कमी पडणं. तसं नसतं. छाती हवेने गच्च भरलेली असते आणि तरी आपण बुडत असतो.

आमचे मॅनेजर किरीटभाई यांनी मला आपल्या गाडीत घातलं. हंसाबेन शेजारी बसून माझी पाठ चोळत होती आणि त्यांना ओरडत होती, "साहेब, जल्दी करो ने." किरीटभाई म्हणत होते, "करुं छुं, बेन, उडावुं के?" मला हसू येत होतं आणि हसायला हवा नव्हती. मुलांनो, खरं सांगते, त्या रस्त्यावर मला मरणाची भीती नव्हती वाटली. आता यापुढे माझं वाक्य कधीच पूर्ण होणार नाही, याची वाटली.

फतेगंजमधले दिवस

हॉस्पिटल फतेगंजला होतं. तिथला दिनक्रम मला मनापासून पटला. उजाडताच चहा, मग तापमान, मग वाफ, मग डॉक्टरांची फेरी, आणि हे सगळं रोज त्याच क्रमाने. शेजारच्या खाटेवरच्या बाईंची सून रोज सकाळी एक खाखरा न विचारता माझ्या बशीत ठेवायची. एक आया होती, ती माझे केस विंचरून घट्ट वेणी घालायची आणि म्हणायची, "आता फोटो काढला तरी चालेल." अशा गोष्टींनी माणूस लवकर बरा होतो, हे मी शपथेवर सांगेन.

फुंकायची चाचणी मात्र गमतीची होती. नळी तोंडात धरून सगळा श्वास बाहेर टाकायचा आणि समोरचा मुलगा गरब्यात ओरडावं तसा ओरडणार, "फूंको, बा, फूंको, हजु, हजु, हजु." म्हणजे अजून, अजून, अजून. मी फुंकून फुंकून लाल व्हायचे आणि तो पडद्याकडे बघून मान हलवायचा. मला परीक्षेत नापास झाल्यासारखं वाटायचं. मी शाळेत कधी नापास झाले नव्हते.

रविवारी कसं असतं?

डॉक्टर मॅडम तरुण होत्या, घाईत असायच्या. एक दिवस मात्र खुर्ची ओढून बसल्या.

"रविवारी कसं असतं, काकी?"

"रविवारी बरं असतं. रविवारी विश्रांती मिळते ना."

"आणि दिवाळीत?"

"दिवाळीत तर अगदी उत्तम. बहिणीकडे होते. चकल्या तळल्या, माळा झाडला, तिच्या तिसऱ्या मजल्याचे जिने..."

बोलता बोलता मी थांबले. माळ्याची धूळ, तळणीचा धूर, जिने, आणि खोकल्याचं नाव नाही. आपलं बोलणं आपणच ऐकावं तसं मी ते ऐकलं.

"कामावर हवेत काय असतं?" मॅडमनी विचारलं.

"काही नाही. पपईची पूड."

त्यांनी पेन खाली ठेवलं. "पोटात जाते ती पपई वेगळी, काकी. श्वासातून जाते ती वेगळी. आणि ती सकाळी गेली तरी तिचा त्रास संध्याकाळी होऊ शकतो."

दुसऱ्या दिवशी त्यांनी माझ्या हाताला सुई टोचून त्या पुडीच्या द्रावणाचा थेंब लावला. बघता बघता तिथे गांध उठली, चांगली वाटाण्याएवढी. मी तिच्याकडे बघून हसत सुटले. सिस्टरला वाटलं, बाईंचं डोकं फिरलं. पण विचार करा, पडदे धुऊन झाले, गादी गेली, बिचारं मांजर बदनाम झालं, आणि शत्रू इथे माझ्या हातावर उभा होता. मी आयुष्यभर दुसऱ्यांचे नमुने तपासले, आज माझाच नमुना तपासून निघाला होता. मला नाचावंसं वाटलं.

मग मॅडम म्हणाल्या, "रोज श्वासाचा पंप घ्यायचा. आणि त्या पुडीच्या हवेत पुन्हा पाऊल टाकायचं नाही. थोडीसुद्धा नाही, आठवड्यातून एकदासुद्धा नाही."

नाच तिथेच थांबला.

दोन्ही

"म्हणजे प्रश्नच मिटला," आजोबा घरी येताना म्हणाले. "राजीनामा दे."

तुमच्या बाबांना सत्य कळलं तेव्हा ते फोनवर आधी रागावले, मग रडले, मग म्हणाले, "आई, नोकरी सोड आणि इकडे ये." सगळे माझ्या भल्याचंच बोलत होते, म्हणून जास्त त्रास होत होता. किरीटभाई घरी फळं घेऊन आले. (पपई सोडून.) म्हणाले, "बेन, आता आराम करो. इतक्या बायका तिथे काम करतात, कुणाला काही झालं नाही. हे ज्याच्या त्याच्या तब्येतीवर असतं." मला ते बोलणं झोंबलं, कारण त्यात वाईट काहीच नव्हतं. त्यांना खरंच तसं वाटत होतं.

आजोबा आणि मी त्या दिवसांत जेवताना फक्त "भाजी वाढू का" एवढंच बोलत होतो. शेवटी आजोबांचा बांध फुटला. "तुला काम हवं आहे की श्वास?"

"दोन्ही," मी म्हटलं.

"दोन्ही मिळत नाही, सुलभा."

"कुणी ठरवलं?"

त्यावर ते उठून गच्चीत गेले. तो प्रश्न मलाही सोडवता येत नव्हता हे खरं. पूड त्या खोलीत होती आणि माझं काम त्या खोलीत होतं. दोघांपैकी एकाला बाहेर पडायला हवं होतं, आणि पुडीला बाहेर काढणारी मी कोण?

खाटेवरून निवडणूक

हंसाबेनला त्याचं उत्तर ठाऊक होतं. ती एके सकाळी सुभानपुऱ्याला आमच्या घरी आली, पदराने घाम पुसत बसली आणि म्हणाली, "सुलभाबेन, तुम्ही हॉस्पिटलमध्ये होतात तेव्हा आम्ही तुमचं नाव लिहून दिलं."

"कशात?"

"सेफ्टी कमिटीत. कामगारांच्या बाजूने एक बाई पाहिजे होती. मी म्हटलं, सुलभाबेन इंग्लिश पण बोलते आणि साहेबाला घाबरत पण नाही."

"अगं, मला विचारायचं तरी."

"तोंडावर मास्क होता तुमच्या. कसं विचारणार?"

अशी मी बिनभाषणाची निवडून आले. सुरक्षा समिती म्हणजे काय, तर निम्मे लोक व्यवस्थापनाचे, निम्मे कामगारांचे, आणि सगळ्यांनी एका टेबलाशी बसून कारखान्यातला धोका शोधायचा. आमची समिती आजवर आग विझवायचे लाल डबे मोजायची आणि चहा घ्यायची. पण आता नव्या सभासदांना प्रशिक्षण मिळणार होतं, आसपासच्या कारखान्यांच्या समित्या एका सभागृहात येणार होत्या. हंसाबेनचंही नाव त्यात होतं.

मी डॉक्टर मॅडमना फोन केला. "सभागृहात पूड आहे का?" त्यांनी विचारलं. "नाही." "मग जा." आजोबांनी अट घातली की तेही येणार. ते रिफायनरीत होते, आयुष्यभर सुरक्षेची शिबिरं पाहिलेली. "हेल्मेट घाला, पळू नका, संपलं शिबिर," असं म्हणत ते पंप खिशात घालून निघाले आणि मागच्या रांगेत पाहुण्यासारखे बसले.

लोट

शिकवणाऱ्या जागृतिबेन ठेंगण्या, करड्या केसांच्या, आवाज मात्र शाळेच्या घंटेसारखा. त्यांनी आल्या आल्या मॅनेजर लोकांना उठवून प्रत्येकाला आपापल्या कामगाराशेजारी बसवलं. किरीटभाई माझ्या आणि हंसाबेनच्या मध्ये आले. मग प्रत्येक कारखान्याने आपला नकाशा काढायचा आणि जिथे धोका आहे तिथे लाल गोळा करायचा.

किरीटभाईंनी झरझर नकाशा काढला. अ‍ॅसिडची खोली लाल, बॉयलर लाल, ट्रक मागे येतो ती जागा लाल. वजनाच्या खोलीत त्यांनी देव्हारा काढला, छान दिव्यासकट.

"इथे गोळा नाही?" मी विचारलं.

"तिथे काय आहे, बेन? पूड आहे. फळाची."

हंसाबेन आपल्या बोटांकडे बघत बसली. मी तिच्याकडे पाहिलं तर तिने नजर चुकवली. नंतर, चहाच्या वेळी, ती कानाशी येऊन म्हणाली, "मलाही येतो संध्याकाळी खोकला. बोलले तर मला पण घरी बसवतील."  तोवर मी फक्त माझ्या परतण्याचा विचार करत होते.

चहानंतर जागृतिबेननी पडदे ओढायला लावले. सभागृह अंधारलं. त्यांनी एक मोठी विजेरी टेबलाच्या एका बाजूला लावली, प्रकाशाचा झोत आडवा जाईल अशी, आणि टेबलावर मूठभर कणीक पसरली आणि शेजारी एक झाडू ठेवला. "कोणी एक बेन या आणि रोज झाडता तसं झाडा."

हंसाबेनला कुठलाही झाडू दाखवला की ती गप्प बसत नाही. ती उठली आणि झपकन हात फिरवला.

मुलांनो, मी काय सांगू. त्या झोतात जणू धुकं उभं राहिलं. उजेडात काहीच दिसलं नसतं, पण आता लाखो कण गरगरत वर चढत होते, हंसाबेनच्या तोंडाभोवती, नाकाशी, केसांत. झाडू थांबला तरी ते थांबेनात. हवेत तरंगतच राहिले.   जे मला इतके दिवस सांगता येत नव्हतं ते सगळ्यांच्या डोळ्यांसमोर उभं होतं.

किरीटभाई पहिल्या रांगेत होते. धुकं त्यांच्याकडे सरकलं तसा त्यांनी खिशातून रुमाल काढून नाकावर धरला.

"साहेब," जागृतिबेन शांतपणे म्हणाल्या, "नाक का झाकलंत? ए तो लोट छे. घरी रोज पोळ्या करतो तेच पीठ."

आधी कुणीतरी हसलं, मग सगळे हसले. किरीटभाईही हसले, पण त्यांनी रुमाल खाली घेतला नाही.  मग त्यांनी समोरचा नकाशा ओढला, लाल पेन्सिल घेतली आणि देव्हाऱ्याभोवती गोळा काढला. पेन्सिल माझ्यापुढे ठेवली.

हंसाबेन मात्र झाडू घेऊन तशीच उभी. "पण बेन, झाडल्याशिवाय दिवा कसा लावायचा?"

"ओल्या फडक्याने पुसल्यावर देव येत नाही का?" जागृतिबेननी विचारलं.

हंसाबेनने विचार केला. "घरी तर आम्ही पोतंच करतो, ओलं फडकंच फिरवतो," ती म्हणाली. "झाडू फक्त इथे मारतो." आणि मग, कुणी विचारलं नसताना, सगळ्यांसमोर, "मला पण संध्याकाळी खोकला येतो."

किरीटभाईंनी तिच्याकडे वळून पाहिलं. "क्यारनो?" त्यांनी विचारलं. केव्हापासूनचा, एवढंच. आणि ती सांगू लागली.

 परतताना आमच्या गल्लीशी आल्यावर आजोबा म्हणाले, "आमच्याकडे इतकी वर्षं शिबिरं झाली. हवा कुणी दाखवली नव्हती."

मधला काळ

पुढचं भराभर झालं असं तुम्हाला वाटेल. तसं झालं नाही. समितीत वादावादी झाली, कारखान्याचे मालक शेठ म्हणाले खर्चाचं पुढच्या वर्षी बघू, आणि मी घरात बसून फुंकायची छोटी नळी सकाळ-संध्याकाळ फुंकत राहिले. काही दिवस फार वाईट गेले. पंप घेताना शेजारणीने पाहिलं आणि "याची सवय लागते हं" म्हणून गेली. मी तिला चहा दिला, पंप सोडला नाही. तुम्हीही कुणाचं ऐकून सोडू नका.

मग एक दिवस हंसाबेनचा फोन. किरीटभाई शेठच्या केबिनमध्ये विजेरी आणि कणीक घेऊन गेले होते. शेठनी त्या दिवशी काळा सफारी घातला होता, आणि पुढचं तिने इतकं रंगवून सांगितलं की मला हसताना पंपाची गरज लागते की काय असं वाटलं. लागली नाही.

पूड भरायला बंद पेटी आली, आत हात घालायला रबरी बाह्या आणि हवा ओढून घेणारा पंखा असलेली. बराचसा माल आता पातळ स्वरूपातच पिंपांतून येतो. हंसाबेनची तपासणी झाली. तिचं लवकर सापडलं, म्हणून तिला पातळ मालाच्या विभागात हलवलं आणि पगार, जागा, सगळं कायम राहिलं. तिची चुगलीची सवयही कायम आहे. खणातली डबी फेकली गेली.

आणि माझी खोली? ती गेली, मुलांनो. तिच्यात मी पुन्हा पाऊल टाकणार नाही. माझ्या बरण्यांची रांग आता दुसरंच कुणी लावतं, आणि वाकडी लावतं असं ऐकते. माझ्यासाठी अंगणापलीकडच्या इमारतीत वरच्या मजल्यावर टेबल मांडलं, तिथे फक्त बंद कुप्यांतले पातळ नमुने येतात. डॉक्टर मॅडमनी आधी सगळी व्यवस्था फोटोत पाहिली, शंका विचारल्या आणि म्हणाल्या, "करून बघा. पण संध्याकाळ काय म्हणते ते मला कळवायचं."

संध्याकाळ

पहिल्या दिवशी मी नवी साडी नेसून गेले. सगळ्यांनी इतका आरडाओरडा केला की काम दुपारनंतरच सुरू झालं. टेबल खिडकीशी आहे, तिथून कडुनिंब दिसतो. मी कुप्या ओळीने लावल्या, चिठ्ठ्या चिकटवल्या, आणि दिवस कसा गेला कळलं नाही.

पण खरी परीक्षा घरी होती, हे मला माहीत होतं आणि आजोबांनाही. घरी आल्यावर त्यांनी चहा केला. आम्ही समोरासमोर बसलो. ते पेपर वाचत होते, पण पान उलटत नव्हते. मी चहा घेतला. एरवी कप खाली ठेवला की छाती आवळायला लागायची. मी कप खाली ठेवला. बाहेर भाजीवाला ओरडत गेला. खालच्या मुलांचा क्रिकेटचा चेंडू आमच्या गॅलरीत पडला, आजोबांनी तो न बघता खाली टाकला. मी घसा साफ करायला हलकेच आवाज केला तर त्यांनी पेपर खाली घेतला.

"काही नाही," मी म्हटलं. "बिस्किटाचा चुरा."

दिवेलागण झाली. मी नळी फुंकली. काटा जिथे जायला हवा तिथे गेला. मग मी आजोबांना हंसाबेन, किरीटभाई आणि शेठच्या सफारीची गोष्ट पुन्हा पहिल्यापासून सांगितली, लांबलचक वाक्यांत, मध्ये कुठेही न थांबता. ते ऐकत होते की मोजत होते, सांगता येत नाही.

गोष्ट संपल्यावर त्यांनी पेपरची नीट घडी केली.

"उद्या डब्यात काय देऊ?" त्यांनी विचारलं.

तुमची,
आजी